पाच मे की सात मे? लुसिटानियाच्या पदकाची हकिगत

तळहातावर सहज मावणारी, साधारण साडेपाच सेंटिमीटर व्यासाची एक काळपट चकती. एका बाजूला एक मोठी आगबोट मागच्या अंगाने पाण्याखाली चालली आहे आणि तिच्या डेकवर तोफा आणि विमानं रचून ठेवलेली दिसतात. वर जर्मन भाषेत लिहिलं आहे, 'निषिद्ध माल नाही!' खालच्या मजकुराचा अर्थ असा, की लुसिटानिया ही मोठी आगबोट जर्मन पाणबुडीने ५ मे १९१५ रोजी बुडवली. चकती उलटली की कुनार्ड कंपनीची तिकीटखिडकी दिसते. खिडकीत बसलेला सांगाडा तिकिटं देतो आहे आणि समोर प्रवाशांची झुंबड उडाली आहे. गर्दीतला एकजण वर्तमानपत्र वाचतो आहे, त्यावर 'पाणबुडीचा धोका' अशी अक्षरं आहेत. शेजारी उंच हॅट घातलेला एक गृहस्थ बोट वर करून बजावतो आहे, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. वर कोरलेले शब्द आहेत: 'धंदा सर्वांआधी'.

ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत ही चकती वारशाने आलेली आहे. तिच्याबरोबर एक गोष्टही येते. हे पदक जर्मन सम्राटाने पाणबुडीतल्या खलाशांना शौर्याबद्दल दिलं आणि आपल्या पणजोबांनी ते युद्धात कुठून तरी मिळवलं, अशी ती गोष्ट. ती खरी नाही. असं कोणतंही सरकारी पदक जर्मनीने काढलं नव्हतं. आणि वारशात आलेल्या या चकत्यांपैकी बहुतेक जर्मनीत बनलेल्याच नाहीत, त्या इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या. हे कसं घडलं ते समजायला १९१५ च्या वसंतात जावं लागतं.

पहिलं महायुद्ध सुरू होऊन सहा महिने झाले होते. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्रमार्गे नाकेबंदी केली होती. कच्चा माल आणि धान्य जर्मन बंदरांत पोचू द्यायचं नाही, असा तो डाव होता. पाण्यावरच्या लढाईत जर्मन आरमार ब्रिटिशांपुढे कमी पडत होतं, पण पाण्याखाली त्यांच्याकडे नवं हत्यार होतं. ४ फेब्रुवारी १९१५ रोजी जर्मनीने ब्रिटिश बेटांभोवतीचा सगळा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि १८ फेब्रुवारीपासून तिथे सापडणारं शत्रूचं व्यापारी जहाज पूर्वसूचना न देता बुडवलं जाईल, असं कळवलं. तोवरच्या रिवाजानुसार व्यापारी जहाज आधी थांबवायचं, तपासायचं, माणसांना होड्यांत उतरू द्यायचं आणि मगच बुडवायचं. पाणबुडीला हा रिवाज परवडणारा नव्हता. ती वर आली की साधी तोफ किंवा जहाजाची धडकसुद्धा तिला पुरे होती. त्यातच ब्रिटिश जहाजांना पाणबुडी दिसली तर तिच्या अंगावर जाण्याच्या सूचना होत्या आणि तटस्थ देशाचं निशाण लावून फसवण्याचे प्रकारही घडत होते. दोन्ही बाजूंनी जुने नियम एकेक करून मोडीत निघत होते.

लुसिटानिया ही कुनार्ड कंपनीची शान. स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमध्ये १९०६ साली तिचं जलावतरण झालं, १९०७ साली पहिली सफर. चार धुराडी, वाफेची टर्बाइनं आणि अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान. ती बांधायला ब्रिटिश सरकारने कर्ज दिलं होतं, ते युद्धात गरज पडली तर आरमाराला वापरता यावी या अटीवर. प्रत्यक्षात मात्र ती प्रवासीच नेत राहिली. १ मे १९१५ रोजी ती न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघाली, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत वॉशिंग्टनच्या जर्मन वकिलातीचं एक निवेदन छापून आलं. ब्रिटनचं निशाण लावलेल्या जहाजांतून युद्धक्षेत्रात प्रवास करणाऱ्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर करावा, असं त्यात बजावलं होतं. काही पत्रांत ते कुनार्डच्या जाहिरातीला खेटूनच आलं. पदकावर बोट वर करून बजावणारा गृहस्थ म्हणजे हीच सूचना, आणि तो जर्मन राजदूत काउंट बर्नस्टॉर्फ असल्याचं मानलं जातं. प्रवाशांनी ती वाचली, थोडी कुजबुज झाली, पण फारच थोड्यांनी तिकीट रद्द केलं. एवढ्या वेगवान जहाजाला पाणबुडी गाठेल, हे कुणाला खरं वाटत नव्हतं.

पण त्या वेळी लुसिटानिया पूर्ण वेगाने चालतच नव्हती. कोळसा आणि माणसं वाचवण्यासाठी कंपनीने बॉयलरची एक खोली बंद ठेवली होती, त्यामुळे तिचा कमाल वेग २५ नॉटवरून २१ वर आला होता. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ धुकं लागलं म्हणून कॅप्टन विल्यम टर्नर यांनी तो आणखी कमी केला. त्याच पाण्यात वॉल्थर श्वीगर याची यू-२० ही पाणबुडी फिरत होती. ५ मे रोजी तिने एक लहान शिडाचं जहाज बुडवलं होतं, ६ मे रोजी दोन आगबोटी. पाणबुड्या फिरत असल्याचे बिनतारी इशारे टर्नर यांना मिळाले होते.

७ मे, शुक्रवार. धुकं विरून लख्ख ऊन पडलं होतं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला, ओल्ड हेड ऑफ किन्सेल या भूशिराच्या जवळ, पहाऱ्यावरच्या अठरा वर्षांच्या लेस्ली मॉर्टन या खलाशाला उजव्या बाजूने पाण्यावर फेसाची रेघ येताना दिसली. श्वीगरने सातशे मीटरांवरून एकच टॉर्पेडो सोडला होता. तो जहाजाच्या ब्रिजखाली, थोडा मागे लागला. पाठोपाठ आतून दुसरा, मोठा स्फोट झाला. तो कशाचा याचं उत्तर शोधण्यात शंभर वर्षं गेली आहेत. दारूगोळा, कोळशाची भुकटी, फुटलेली वाफेची नळी, अशी कारणं सुचवली गेली. जहाज लगेच उजव्या अंगावर कलंडलं आणि नाकाकडून बुडू लागलं. डाव्या बाजूच्या होड्या कलंडून डेकवरच आपटू लागल्या, उजव्या बाजूच्या जहाजापासून दूर झुलत राहिल्या. एकूण ४८ होड्यांपैकी धडपणे पाण्यात उतरल्या फक्त ६. अठरा मिनिटांत सगळं संपलं. तीनच वर्षांपूर्वीची टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती. त्या काळात माणसांना होडीत बसायला, निरोप घ्यायला वेळ मिळाला होता. इथे तेवढाही नव्हता.

जहाजावर एकूण १,९५९ माणसं होती. त्यांतली सुमारे १,२०० मेली. १,१९८ हा आकडा बहुतेक ठिकाणी दिला जातो. त्यांत १२८ अमेरिकी नागरिक होते. कोट्यधीश आल्फ्रेड व्हँडरबिल्ट गेला, चित्रांचा जाणकार सर ह्यू लेन गेला, आणि जिचं नाव कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही अशी कितीतरी लहान मुलं गेली. आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउन या बंदरगावी, आजच्या कोवमध्ये, १० मे रोजी प्रेतांना सामुदायिक खड्ड्यांत मूठमाती दिली गेली. लिव्हरपूलमध्ये आणि लंडनमध्ये जर्मन नावांची दुकानं जमावाने फोडली. त्यांतले बरेच दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले होते.

जहाजात काय होतं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहिला. बंदुकीच्या काडतुसांच्या सुमारे ४,२०० पेट्या होत्या, तोफगोळ्यांची रिकामी कवचं होती, फ्यूज होते. ही नोंद जहाजाच्या मालयादीत होती आणि अमेरिकी कायद्याने तो माल नेण्याला बंदीही नव्हती. २००८ साली आयर्लंडजवळच्या समुद्रात सुमारे ९० मीटर खोलीवर पडलेल्या जहाजाच्या सांगाड्यापाशी गेलेल्या गोताखोरांना .३०३ ची काडतुसं दिसली. पण डेकवर तोफा नव्हत्या आणि विमानं तर नव्हतीच. जर्मन सरकारने या मालावर बोट ठेवलं, ब्रिटिश सरकारने तो शक्य तितका झाकला. लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश सरकारी चौकशीत सारा दोष पाणबुडीवर गेला आणि दोन टॉर्पेडो लागले असं नोंदवलं गेलं. माझ्या मते या वादात एक गोष्ट मागे पडता कामा नये: काडतुसांच्या पेट्या होत्या म्हणून बाराशे माणसांना न बजावता बुडवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही.

आता म्युनिक. तिथे कार्ल गोट्झ नावाचा पदकशिल्पी काम करत होता. जन्म ऑग्सबुर्गचा, १८७५ सालचा. कोरीवकाम शिकून, काही वर्षं पॅरिसमध्ये घालवून तो म्युनिकला येऊन स्थिरावला होता. म्युनिक म्हणजे 'सिंप्लिसिसिमुस' या जहाल व्यंगचित्र साप्ताहिकाचं गाव. त्या साप्ताहिकाने जे कागदावर केलं ते गोट्झ धातूत करायचा.

इथे एक भेद सांगायला हवा, कारण वारशाने आलेलं पदक ओळखताना सगळी गफलत इथेच होते. मराठीत आपण दोन्हींना पदकच म्हणतो. एक छातीवर रिबिनीला लावायचं, सैनिकाला सरकारने दिलेलं. आयर्न क्रॉस तसा. त्यावर सम्राटाचं आद्याक्षर आणि साल असतं, वर रिबीन ओवायची कडी असते. दुसरं हातात घेऊन बघायचं, कपाटात ठेवायचं, संग्रहात जपायचं. त्याला कडी नसते, रिबीन नसते, कुणा अधिकाऱ्याचं फर्मान नसतं. ते कोणताही शिल्पी स्वतःच्या खर्चाने बनवू शकतो आणि कोणीही विकत घेऊ शकतो. राजाचं लग्न, विद्यापीठाची शताब्दी, कुणा कवीचा जन्मदिवस, यांची अशी स्मृतिपदकं काढायची परंपरा जर्मनीत फार जुनी आहे. युद्ध सुरू होताच तिला पूर आला. न्यूरेंबर्गच्या लाउअरसारख्या कारखान्यांनी हिंडेनबर्गची, पाणबुडी-कप्तान वेडिगेनची, झेपलिन हवाई जहाजांची पदकं छापून बाजारात आणली. गोट्झ, लुडविग गीस आणि वॉल्थर एबरबाख यांच्यासारख्या शिल्पींनी मात्र तिखट, कधी कधी भयंकर अशी पदकं ओतली. सांगाडे, मृत्यूचा नाच, समुद्रातून वर येणारे हात. गीसनेही लुसिटानियावर एक पदक केलं आहे.

शत्रूबद्दलचा राग तर त्यांत होताच, पण युद्धाचा आनंद त्यांतल्या उत्तम कामांत फारसा सापडत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'जर्मनांनी मुलाबाळांच्या मरणाचा उत्सव केला' हे वाक्य या एका पदकाच्या आधारावर लाखो लोकांना सांगितलं गेलं.

गोट्झने लुसिटानियाचं पदक ऑगस्ट १९१५ मध्ये काढलं. खाजगीत, स्वतःच्या मनाने. वाळूच्या साच्यात ब्राँझ ओतून. युद्धामुळे तांबं मिळणं कठीण होत गेलं, तशा काही प्रती लोखंडातही निघाल्या. सगळ्या मिळून पाचशेच्या आतच. त्याचा रोख कुनार्ड कंपनीवर आणि ब्रिटिश सरकारवर होता. धोक्याची सूचना मिळूनही, पोटात दारूगोळा असताना, बायकामुलांना ढालीसारखं पुढे करून जहाज सोडलं, पैशासाठी सोडलं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून सांगाडा पाणबुडीत बसलेला नाही, तो तिकीटखिडकीत बसला आहे. बुडवणाऱ्याच्या बाजूला मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. जहाजावर त्याने तोफा घातल्या, माणसं घातली नाहीत. आणि तारीख चुकवली. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून ती घेतली, असं त्याने पुढे सांगितलं. चूक लक्षात आल्यावर त्याने '७ मे' अशी सुधारित आवृत्ती काढली, पण पहिल्या प्रती तोवर बाहेर गेल्या होत्या.

ती दोन दिवसांची चूक शत्रूच्या हाती आयतं कोलीत ठरली.

पदकाची एक प्रत ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या हाती लागली. तिचे फोटो काढून अमेरिकेला पाठवले गेले आणि ५ मे १९१६ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ते छापून आले. जहाज बुडाल्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी. अमेरिका तेव्हाही तटस्थ होती. तिला आपल्या बाजूला ओढणं ही ब्रिटनची मोठी गरज होती, आणि बारा महिन्यांपूर्वीचा संताप विरत चालला होता. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन रेजिनाल्ड हॉल यांच्या ध्यानात आलं, की फोटोपेक्षा हातात धरायची वस्तू जास्त काम करील. लंडनमधल्या प्रसिद्ध दुकानाचे मालक गॉर्डन सेल्फ्रिज या कामात उतरले. पदकाची लोखंडी नक्कल साच्यातून काढायला सुरुवात झाली.

नक्कल चांगल्या पुठ्ठ्याच्या डबीत घालून एका शिलिंगला विकली जाई, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपले बारा आणे. झाकणावर लुसिटानियाचं चित्र. आत घडी घातलेलं एक पत्रक. जहाज बुडाल्याच्या स्मरणार्थ जर्मनीत काढून वाटलेल्या पदकाची ही हुबेहूब प्रत आहे, असं त्यात म्हटलं होतं. मृतांचा आकडा होता. शिल्पीने जहाजावर नसलेल्या तोफा घातल्या आणि असलेल्या बायकामुलांना सोयीस्करपणे वगळलं, असा टोला होता, आणि तो टोला रास्त होता. पण प्रचारात तारखेचाही वापर झाला. पदकावर ५ मे आहे, जहाज ७ मे रोजी बुडालं, याचा अर्थ पदक आधीच तयार होतं. सगळा बेत ठरलेला होता. पदक ऑगस्टमध्ये, घटनेनंतर तीन महिन्यांनी निघालं, ही गोष्ट पत्रकात कुठेच नव्हती. पुढे मासिकांनी फोटो छापले, मग पाणबुडीतल्या खलाशांच्या छातीवर हे पदक लावल्याची कहाणी निघाली आणि राईचा पर्वत झाला.

विक्रीचं काम पाहणाऱ्या समितीच्या प्रमुखाने पुढे सुमारे २,५०,००० प्रती खपल्याचा अंदाज दिला. पैसा रेड क्रॉसला आणि युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी चालवलेल्या सेंट डन्स्टन्स या आश्रमाला गेला. शिलिंग देणाऱ्या माणसाला त्या पैशाने खरोखर कुणा आंधळ्या सैनिकाला मदत होते हे ठाऊक होतं. म्हणून घरात ती डबी श्रद्धेने ठेवली गेली. जर्मनीत पाचशेच्या आत आणि इंग्लंडमध्ये अडीच लाख, एवढं प्रमाण लक्षात घेतलं की आज एखाद्या घरात सापडलेली चकती कुठली असण्याची शक्यता जास्त, हे निराळं सांगायला नको.

इकडे समुद्रावरचं मरण थांबलेलं नव्हतं आणि ते आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन भिडलं होतं. ३० डिसेंबर १९१५ रोजी लंडनहून मुंबईला येणारी पी अँड ओ कंपनीची 'पर्शिया' ही आगबोट क्रीट बेटाच्या दक्षिणेला यू-३८ या पाणबुडीने न बजावता बुडवली. ५१९ पैकी ३४३ माणसं मेली. अशा बोटींवर कोकणातले आणि गोव्यातले खलाशी, भट्टीवाले, खानसामे मोठ्या संख्येने असत. त्या युद्धात समुद्रातच ज्यांची कबर झाली अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकावर आहेत. लुसिटानियाचं नाव जगाच्या तोंडी राहिलं. त्यांच्या जहाजांची नावं मात्र त्यांच्या गावांतही फार काळ टिकली नाहीत.

जर्मनीला या पदकाचा त्रास उशिरा कळला. तटस्थ देशांत आपली बदनामी एका खाजगी कारागिराच्या कामामुळे होते आहे हे दिसल्यावर, १९१७ साली बव्हेरियाच्या सरकारने पदक काढण्यावर बंदी घातली आणि असलेल्या प्रती जप्त करायचा हुकूम दिला. तोवर इंग्लंडमध्ये लाखांनी नकला निघालेल्या होत्या, त्यांच्यावर म्युनिकचा हुकूम चालणार कसा?

या पदकामुळे अमेरिका युद्धात उतरली असं कधी कधी सांगितलं जातं. ते मला पटत नाही. लुसिटानियानंतर अध्यक्ष विल्सन यांनी कडक खलिते पाठवले, ते फार कडक वाटले म्हणून परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला, आणि अमेरिकेच्या दबावाखाली जर्मनीने काही काळ पाणबुड्यांना लगाम घातला. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने तो लगाम पुन्हा सोडला, पाठोपाठ मेक्सिकोला युद्धात ओढू पाहणारी झिमरमान तार उघडकीला आली, आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने युद्ध जाहीर केलं. म्हणजे जहाज बुडाल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. पदकाने युद्ध सुरू केलं नाही, पण संताप विझू दिला नाही. लढायला तयार नसलेल्या माणसाला समोरचा शत्रू माणूसच नाही असं वाटायला लावणं, हे काम त्या चकतीने चोख केलं.

युद्ध संपल्यावर उलटतपासणी झाली. ब्रिटिश राजकारणी आर्थर पॉन्सन्बी यांनी १९२८ साली युद्धकाळातल्या खोट्या प्रचारावर पुस्तक लिहिलं, त्यात लुसिटानियाच्या पदकालाही जागा मिळाली. आपल्या कामामुळे जर्मनीविरुद्धचा द्वेष वाढला याचं गोट्झने दुःख व्यक्त केलं. पण त्याला निष्पाप ठरवायची माझी तयारी नाही. १९२० च्या सुमारास फ्रान्सने ऱ्हाइनलँडमध्ये आफ्रिकी सैनिक ठेवले, तेव्हा त्यांच्यावर गोट्झने काढलेलं पदक इतकं हिडीस आणि वर्णद्वेषी आहे, की त्याचं वर्णनही इथे करवत नाही. पुढे नाझी राजवटीतही तो पदकं काढत राहिला. १९५० साली म्युनिकमध्ये तो वारला, तोवर त्याच्या नावावर सहाशेहून अधिक पदकं जमा झाली होती. त्यांची सूची गुंटर किनास्ट यांनी १९६७ साली प्रसिद्ध केली आणि संग्राहक आजही त्या सूचीतल्या क्रमांकांनीच बोलतात. लुसिटानिया म्हणजे किनास्ट १५६.

तर अशी चकती हाती आली तर काय बघायचं? सर्वांत आधी तारीख. महिन्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहा. जर्मन भाषेत मे महिना एम, ए, आय असा लिहितात. नकलेत तो इंग्रजी पद्धतीने एम, ए, वाय असा झाला. एवढ्या एका अक्षरावर बहुतेक वेळा निकाल लागतो. मग धातू. लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे बहुधा इंग्लंडची नक्कल, पण काही जर्मन प्रतीही लोखंडाच्या आहेत, त्यामुळे एकट्या चुंबकावर विसंबू नका. मग ओतकाम. वाळूच्या साच्यातल्या ब्राँझमध्ये सांगाड्याच्या बरगड्या, गर्दीतले चेहरे, वर्तमानपत्रावरची अक्षरं तीक्ष्ण उठून दिसतात. नकलेत ती बुळबुळीत झालेली असतात, आणि नक्कल मुळापेक्षा किंचित लहानही असते. मूळ प्रतींच्या कडेवर बहुधा गोट्झचं नाव उठवलेलं सापडतं. आणि आणखी पुढच्या काळातल्या नकलाही बाजारात आहेत हे ध्यानात ठेवावं.

जर्मन युद्धपदकं ओळखताना फसवणारं आणखी एक नमुन्यादाखल सांगतो. गुडघे टेकून दागिना देणारी बाई आणि '१९१६' हे साल असलेलं लहान काळं लोखंडी पदक खूप घरांत सापडतं. तेही शौर्यपदक नव्हे. युद्धखर्चासाठी स्वतःचं सोनं सरकारजमा करणाऱ्या सामान्य जर्मन लोकांना ते मिळालं. हेर्मान होझेउस या शिल्पीने ते घडवलं. त्यावरच्या मजकुराचा आशय असा, की संरक्षणासाठी सोनं दिलं आणि मानासाठी लोखंड घेतलं. कुणाच्या तरी आजीने लग्नातली साखळी देऊन ते घरी आणलेलं असतं. लुसिटानियाच्या चकतीपेक्षा मला ते पदक जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात फसवणूक नाही, नुसती ओढाताण आहे.

ब्रिटिश संग्रहालयाने युद्ध चालू असतानाच जर्मन पदकं गोळा केली होती. तिथले नाणेतज्ज्ञ जॉर्ज हिल यांनी १९१७ साली त्यांवर एक पुस्तिका लिहिली, आणि २०१४ साली, युद्धाच्या शताब्दीला, ती पदकं लोकांसमोर मांडली गेली. गोट्झची चकती त्या काळच्या संतापाचा दस्तऐवज आहे आणि तिची इंग्रजी नक्कल त्या संतापाचा वापर कसा झाला याचा. इतिहासाच्या दृष्टीने दुसरी पहिलीपेक्षा कमी मोलाची नाही, बाजारात तिची किंमत कितीही उतरो.

म्हणून तुमच्या घरात, किंवा परदेशी राहणाऱ्या कुणा नातेवाइकाच्या घरात, अशी चकती निघाली तर ती चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. काळा थर गेला की खरं-खोटं पारखायची निम्मी साधनं जातात. डबी असेल तर तीही जपा, आणि आतलं पत्रक असेल तर ते सर्वांत आधी जपा. ज्यांनी ती वस्तू घरात आणली त्यांच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवतं ते आजच लिहून ठेवा, ऐकीव कहाणीसकट, आणि तिच्यापुढे 'ऐकीव' असं स्पष्ट लिहा.